कनेक्शन तोडलं तरी हिशोब चुकू न देणारा माणूस : जिम ग्रे

समजा तुम्ही रूमवर बसून मेसचे २,००० रुपये भरताय. तुमच्या खात्यातून रक्कम वजा झाली, मेसच्या खात्यात अजून जमा व्हायची आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी बँकेच्या सर्व्हरवर बसलेल्या माणसानं सगळ्या युजर्सची कनेक्शन्स तोडून टाकली. आता पैसे कुठे गेले? तुमच्याकडे नाहीत आणि मेसवाल्या मावशींकडेही नाहीत! (दोन्ही खाती एकाच बँकेत आहेत असं धरा. यूपीआयचा विषय पुढे येईल.)

खरं म्हणजे काहीच होत नाही. थोड्या वेळानं खातं उघडून पाहिलं तर २,००० रुपये जिथल्या तिथं असतात, जणू तुम्ही पैसे भरायला घेतलेच नव्हते. हे जे ‘काहीच होत नाही’ आहे ना, ते आपोआप घडत नाही. त्याच्यामागे ज्या माणसानं आयुष्यातली कित्येक वर्षं घातली त्याचं नाव जिम ग्रे. डीबीएमएसच्या पेपरला आपण सगळे ॲसिड प्रॉपर्टीज घोकतो. ती चार अक्षरं १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी जुळवली, पण अक्षरांच्या आतला माल बराचसा ग्रे यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. व्हायवाला हे कुणी विचारत नाही म्हणून आपणही वाचत नाही.

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. आई शिक्षिका, वडील अमेरिकन सैन्यात. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब रोमला गेलं आणि छोटा जिम इंग्रजीच्या आधी इटालियन बोलायला शिकला. (हे वाचून मला जरा बरं वाटलं. माझं कॉन्व्हेंटमध्ये उलटं झालं, घरची भाषा शाळेच्या गेटबाहेर ठेवावी लागायची. आता हा लेख लिहिताना ‘ट्रँझॅक्शन’ला काय म्हणायचं यावर रूममेटशी तासभर वाद झाला. शेवटी ‘व्यवहार’ ठरलं, कारण आपल्या गावातल्या सुताच्या पेढीवर तोच शब्द चालतो.) पुढे आईवडील वेगळे झाले आणि जिम आईबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला परत आले. वडील हौशी संशोधक होते. टाइपरायटरच्या रिबनच्या कार्ट्रिजचं एक पेटंट त्यांच्या नावावर होतं आणि त्याची रॉयल्टीही चांगली मिळायची.

जिमना जायचं होतं एअर फोर्स अकॅडमीत. तिथं निवड झाली नाही, म्हणून १९६१ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. फीचा भार हलका करायला मध्येमध्ये कंपन्यांत काम करायचे. त्यातच केमिस्ट्रीत मार्क इतके कमी पडले की सहा महिने कॉलेज सोडून बाहेर गेले. पण बाहेरची नोकरी फारच कंटाळवाणी निघाली, तेव्हा गुपचूप परत आले! फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीनं हैराण झालेल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. १९६६ साली त्यांनी इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्समध्ये पदवी घेतली. मग न्यू जर्सीला बेल लॅब्जमध्ये आठवड्याचे तीन दिवस काम आणि दोन दिवस न्यूयॉर्क विद्यापीठात शिक्षण असं वर्षभर चाललं. नंतर पुन्हा बर्कली, आणि १९६९ साली पीएच.डी. तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची ती पहिली पीएच.डी. होती.

यानंतर ते आयबीएममध्ये आले, आणि खरी गोष्ट इथंच सुरू होते.

१९७० साली आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं होतं. सगळी माहिती साध्या टेबलांत ठेवायची आणि काय हवं तेवढं मागायचं, कसं शोधायचं ते मशीननं बघावं. कागदावर छान, पण ते चालवून दाखवायला कुणी तयार नव्हतं. ते चालवून दाखवण्यासाठी तिथं ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रकल्प निघाला. चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा बनवली तिलाच आपण आज एसक्यूएल म्हणतो. ग्रे यांच्या वाट्याला आला तो कमी चमकणारा भाग. एकाच वेळी शंभर लोक एकाच टेबलात हात घालतील तेव्हा काय करायचं? आणि मध्येच वीज गेली, मशीन बंद पडलं, माणूस उठून गेला तर काय करायचं?

पहिला प्रश्न बघा. महालक्ष्मी एक्सप्रेसची एकच बर्थ उरली आहे. (आपल्या इचलकरंजीला रेल्वे स्टेशनच नाही, म्हणून हातकणंगल्याहून धरा.) दोन खिडक्यांवरच्या दोन क्लार्कना एकाच क्षणी ‘एक शिल्लक’ दिसलं आणि दोघांनीही तिकीट दिलं. रात्री डब्यात भांडण ठरलेलं! यावर उपाय लॉक. जो आधी हात घालेल त्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. पण कुलूप घालायचं कशाला? अख्ख्या गाडीला घातलं तर सगळ्या खिडक्या ठप्प. एकेका बर्थला घातलं तर लाखो कुलपं सांभाळण्यातच मशीनचा दम निघेल. १९७६ साली ग्रे, लोरी, पुट्झोलू आणि ट्रेगर यांनी लहानमोठी कुलपं एकत्र कशी नांदवायची हे लिहून काढलं. त्याच वर्षी एस्वरन यांच्याबरोबरच्या दुसऱ्या पेपरात, लॉक घेण्याचा टप्पा आणि सोडण्याचा टप्पा वेगळे ठेवले की व्यवहार एकमेकांत गुंतत नाहीत हेही दाखवलं. हेच आपलं टू फेज लॉकिंग. सिलॅबसमध्ये ते दोन ओळींत आटोपतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हिशोबाच्या वहीत होतं. ग्रे यांना जुन्या गोष्टी शोधायची आवड होती. सुमेरियन लोक मातीच्या पाट्यांवर देण्याघेण्याच्या नोंदी ठेवायचे, तिथूनच लिहिणं जन्माला आलं, असं ते मांडायचे. पाटी भाजली की खोडता येत नाही, म्हणून चूक झाली तर तिला रद्द करणारी दुसरी नोंद करायची. आपल्याकडच्या मुनीमजींनाही हे ठाऊक होतंच, खतावणीत खाडाखोड चालत नाही, उलटी नोंद करतात. डेटाबेसमध्ये ही वही म्हणजे लॉग. डिस्कवरचा खरा आकडा बदलण्याआधी आधी काय होतं आणि आता काय करतोय हे लॉगमध्ये लिहायचं, मगच आकड्याला हात लावायचा. व्यवहार पूर्ण झाला की लॉगमध्ये ‘कमिट’ लिहायचं. ते लिहून डिस्कवर गेलं की व्यवहार पक्का, मग वीज जावो नाहीतर छत कोसळो. ‘कमिट’ लिहायच्या आधी काहीही झालं तर लॉग उलट्या दिशेनं वाचत एकेक बदल मागे घ्यायचा. हा रोलबॅक.

यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाला धागा तुटण्याची सवय आहे. आडवा धागा तुटला की माग थांबतो. कामगार तो तुटका तुकडा काढतो, माग मागे घेतो, जिथपर्यंत कापड चांगलं होतं तिथं येतो आणि तिथून पुन्हा सुरू करतो. तसाच पुढे रेटला तर कापडात पट्टा दिसतो आणि व्यापारी ठाण परत पाठवतो. ग्रे यांनी हेच केलं, फक्त धाग्याच्या जागी आकडे होते, आणि मागे घेण्याचं काम मशीननं स्वतः करायचं होतं.

आता सुरुवातीच्या त्या कनेक्शन तोडणाऱ्या माणसाकडे येऊ. तो दुष्ट नाही, त्याचं कामच ते आहे. कधी जुना बॅकअप रिस्टोअर करायचा असतो, आणि एक जरी युजर आत असला तरी सर्व्हर नकार देतो. कधी दुरुस्ती असते. आणि बऱ्याच वेळा असं होतं की एखाद्यानं व्यवहार सुरू केला, रेकॉर्डला लॉक लावलं आणि कमिट न करता वडापाव खायला गेला. त्याच्यामागे पन्नास जण ताटकळत. मग डीबीए काय करतो? मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू सेशन्सची यादी काढतो, कोण कुणाला अडवतंय ते पाहतो आणि त्या नंबरला ‘किल’ देतो. सगळ्यांनाच बाहेर काढायचं असेल तर डेटाबेस ‘सिंगल युजर’ करायचा आणि त्यालाच ‘विथ रोलबॅक इमिजिएट’ जोडायचं. ही सोय २००० च्या आवृत्तीपासून आहे. ओरॅकलमध्ये ‘किल सेशन’, पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ नावाचं फंक्शन. नावं वेगळी पण आत घडतं तेच. कनेक्शन तुटतं, अर्धवट व्यवहार लॉग वाचून मागे घेतला जातो, आणि लॉक सुटतात.

इथं दोन गोष्टी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नसतात म्हणून सांगते. एक म्हणजे किल दिलं की लगेच सुटका होतेच असं नाही. तीन तास चाललेला मोठा अपडेट मारला तर तो उलटवायलाही तास जाऊ शकतात, आणि तोवर यादीत ते सेशन ‘रोलबॅक’ म्हणून दिसत राहतं. अशा वेळी वैतागून सर्व्हरच रीस्टार्ट करायचा मोह होतो. उपयोग शून्य! चालू झाल्यावर सर्व्हर आधी लॉगच उघडणार आणि राहिलेलं उलटवणार, वर तोपर्यंत डेटाबेस सगळ्यांनाच बंद असू शकतो. (एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत हे लवकर उरकण्याची नवी पद्धत आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.) आणि पोस्टग्रेसच्या एखाद्या प्रोसेसला लिनक्सच्या ‘किल मायनस नाईन’नं मारलं तर सर्व्हर सगळ्यांचीच कनेक्शन्स तोडून रिकव्हरीला बसतो. दुसरी गोष्ट, सिंगल युजर म्हणजे एकच खुर्ची. तुम्ही सगळ्यांना हाकललंत आणि तुमच्याआधी एखादा ॲप्लिकेशन सर्व्हर आपणहून परत येऊन त्या खुर्चीवर बसला, तर तुम्हीच दाराबाहेर.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कुठलं काम ‘अर्धवट’ आहे हे सर्व्हरला कळत नाही, ते प्रोग्रामरनं सांगायचं असतं. वजा करणं आणि जमा करणं हे एका व्यवहारात गुंफलं नाही, दोन्हीला वेगळं कमिट दिलं, तर मध्ये कनेक्शन तुटल्यावर सर्व्हर पहिलं काम इमानदारीत पक्कं ठेवेल. २,००० रुपये गेले ते गेलेच. ग्रे यांनी दोरी दिली, गाठ आपण मारायची. मिनी प्रोजेक्टमध्ये आपण किती जण ‘बिगिन ट्रँझॅक्शन’ लिहितो, हा प्रश्न मी इथंच सोडते.

आणि आता यूपीआय. खाती दोन वेगळ्या बँकांच्या दोन वेगळ्या सर्व्हरवर असली तर? ग्रे यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध नोट्समध्ये यासाठी टू फेज कमिट मांडलं. मधला एक जण दोघांना विचारतो, तयार का? दोघेही हो म्हणाले तरच तो पक्कं म्हणतो. त्यांनी यासाठी चर्चमधल्या लग्नाचं उदाहरण वापरलं आहे. आधी दोघांचा होकार, मग पाद्री जाहीर करणार. यात एक जागा मात्र फार अवघड आहे. एकानं ‘तयार’ म्हटलं, आणि पुढचा निरोप यायच्या आधी मधल्या माणसाशी कनेक्शनच तुटलं. आता तो पक्कंही करू शकत नाही आणि मागेही घेऊ शकत नाही, कारण तिकडे काय ठरलं हे त्याला माहीत नाही. लॉक धरून तो नुसता वाट बघत बसतो. याला ‘इन डाउट’ म्हणतात. फार वेळ गेला तर शेवटी कुणा माणसालाच येऊन निर्णय द्यावा लागतो. यूपीआयची यंत्रणा वेगळी आहे, पण पेमेंट ‘पेंडिंग’ दिसतं आणि आपला जीव टांगणीला लागतो तो प्रश्न याच जातीचा.

१९८० साली ग्रे टँडेम कंपनीत गेले. बँका आणि एटीएमसाठी न थांबणारी मशीन्स बनवायची हे तिचं काम. तिथं १९८५ साली त्यांनी कॉम्प्युटर का बंद पडतात याचा अहवाल लिहिला. लोकांना वाटायचं हार्डवेअर बिघडतं म्हणून. ग्रे यांनी नोंदी तपासल्या तर हार्डवेअरचा वाटा १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५, आणि सगळ्यात मोठा म्हणजे ४२ टक्के वाटा मशीन सांभाळणाऱ्या माणसांच्या कामाचा! त्याच वर्षी १ एप्रिलला एका मासिकात मशीनचा वेग मोजायची पद्धत सुचवणारा लेख आला. लेखकाच्या जागी होतं ‘अनामिक व इतर’. निरनिराळ्या कंपन्यांतल्या लोकांनी त्यात भर घातली होती, आणि ग्रे यांनी स्वतःचं नाव पुढे केलं नाही. त्यातूनच १९८८ साली टीपीसी ही मोजमापाची संस्था उभी राहिली. पुढे काही वर्षं ते डिजिटल कंपनीत होते. रॉयटर यांच्याबरोबरचं हजार पानांच्या वरचं पुस्तकही याच काळातलं.

१९९५ साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये आले, पण सॅन फ्रान्सिस्को सोडणार नाही म्हणाले, तर कंपनीनं त्यांच्यासाठी तिथंच प्रयोगशाळा काढली. असं पाहिजे कॅम्पस प्लेसमेंट! १९९८ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या गटानं ‘टेरासर्व्हर’ सुरू केला, म्हणजे उपग्रह आणि विमानातून काढलेले जमिनीचे फोटो एसक्यूएल सर्व्हरमध्ये भरून कुणालाही घरबसल्या बघायला दिले. गुगल अर्थ यायला तेव्हा सात वर्षं होती. मग खगोलशास्त्रज्ञ ॲलेक्स झालाय यांच्याबरोबर आकाशाच्या नकाशाचा डेटाबेसही केला. ११ जानेवारी २००७ ला त्यांनी एक भाषण दिलं. प्रयोग, सिद्धांत आणि सिम्युलेशन यांच्यानंतर विज्ञानाची चौथी पद्धत म्हणजे प्रचंड डेटातून शोध घेणं, असा त्याचा विषय. आपल्या वर्गातली अर्धी मुलं आज ज्या डेटा सायन्सच्या मागे आहेत त्याचीच ही चाहूल.

त्यानंतर सतरा दिवसांनी, रविवारी २८ जानेवारी २००७ ला, ग्रे ‘टेनेशिअस’ नावाची चाळीस फुटी शिडाची बोट घेऊन एकटेच समुद्रात गेले. टेनेशिअस म्हणजे चिवट. आई नुकतीच वारली होती. आपल्याकडे रक्षा विसर्जनाला नरसोबाच्या वाडीला संगमावर जातात, तसे ते आईची रक्षा घेऊन फॅरलॉन बेटांकडे निघाले होते. किनाऱ्यापासून साधारण ४३ किलोमीटर. हवा चांगली होती आणि ते अनुभवी खलाशी होते. संध्याकाळी परत यायला हवे होते, ते आले नाहीत. पत्नी डोना यांनी कोस्ट गार्डला कळवलं.

चार दिवस विमानं, हेलिकॉप्टर आणि बोटींनी समुद्र पिंजून काढला. सुमारे ३ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा भाग. बोट बुडाली तर आपोआप सिग्नल देणारं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण सिग्नल कुठंही आला नाही. फळीचा एक तुकडासुद्धा मिळाला नाही. मग मित्रांनी हातात घेतलं. उपग्रहाकडून समुद्राचे नवे फोटो मिळवले, त्यांचे लाखो तुकडे केले आणि ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’वर टाकले. जगभरचे हजारो अनोळखी लोक रात्ररात्र जागून एकेका चौकोनात बोटीएवढा पांढरा ठिपका शोधत होते. नऊ वर्षांपूर्वी उपग्रहाचे फोटो घरोघरच्या स्क्रीनवर आणणाऱ्या माणसालाच लोक आता त्या फोटोंत शोधत होते. काही ठिपके संशयास्पद वाटले, पण त्यातला एकही टेनेशिअस नव्हता. १६ फेब्रुवारीला मित्रांनी शोध थांबवला. घरच्यांनी समुद्राच्या तळाचाही शोध घेतला, तो ३१ मे पर्यंत चालला.

पुढे काय करायचं हे कुणालाच कळेना. श्रद्धांजली वाहावी तर माणूस गेल्याचा पुरावा नाही, आणि वाट बघावी तर किती? ३१ मे २००८ ला बर्कलीत त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि मित्र मोठ्या संख्येनं जमले. त्या सभेला श्रद्धांजली न म्हणता फक्त गौरव म्हणायचं, असं मुद्दाम ठरवलं होतं. मला वाटतं त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ‘इन डाउट’ म्हणजे काय हे माहीत होतं, आणि ते मांडणारा माणूसच समोर नव्हता.

बेपत्ता माणसाला कायद्यानं मृत धरायला आपल्याकडे सात वर्षं लागतात, कॅलिफोर्नियात पाच. मे २०१२ मध्ये तिथल्या कोर्टानं निकाल दिला आणि जिम ग्रे यांच्या मृत्यूची तारीख २८ जानेवारी २०१२ अशी धरली, म्हणजे ते निघाले त्या दिवसाला बरोबर पाच वर्षं झाली ती. टेनेशिअसचा पत्ता मात्र आजवर लागलेला नाही.